पृथ्वी कलली म्हणून नागपूर तापतंय का?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "काका, मोबाईलवर मेसेज फिरतोय की जमिनीतलं पाणी उपसल्यामुळे पृथ्वीचा अक्ष ८० सेंटीमीटर कलला आणि म्हणूनच नागपुरात मे महिन्यात इतकं तापतं. हे खरं आहे का? आणि अक्षाचा कल खरंच बदलला तर हवामानाचं काय होतं?"

पहिल्या भागाचं उत्तर एका शब्दात, नाही. दुसऱ्या भागाला एक शब्द पुरणार नाही, त्यात माझी तीसेक वर्षं गेली, आधी कॉलेजात हवामानशास्त्र शिकवण्यात आणि मग जुन्या हवामानाची मॉडेलं चालवण्यात, त्यामुळे चहा घेऊन बसा.

तो मेसेज हवेतून आलेला नाही बरं का. २०२३ मध्ये एक पेपर आला होता, त्यात हिशोब होता की १९९३ ते २०१० या काळात जगभरात जमिनीतून जे पाणी उपसलं गेलं (सुमारे २१५० अब्ज टन, आणि त्यात आपला वायव्य भारत बराच पुढे) त्यामुळे पृथ्वीचा ध्रुव जमिनीवर ८० सेंटीमीटरच्या आसपास सरकला. पेपर बरोबर आहे. पण ध्रुव जमिनीवर सरकणं वेगळं आणि अक्षाचा कल बदलणं वेगळं, आणि बातमी करणाऱ्याने दोन्ही एकाच पातेल्यात ओतलं. आपल्या घरातला कूलर घ्या. पंख्याच्या एका पात्याला मातीचा गोळा चिकटला तर पंखा थोडा थरथरतो, पण म्हणून कूलरचं तोंड खिडकीकडून पलंगाकडे वळत नाही. पाणी उपसल्याने झालं ते गोळा चिकटण्यासारखं. कल बदलणं म्हणजे कूलरचं तोंडच फिरवणं. आणि ८० सेंटीमीटरने तुमचं अक्षवृत्त बदललं तरी किती, घराच्या दारातून ओट्यावर आलात एवढं. तेवढ्याने कोणाला ऊन जास्त लागत नाही.

हा कूलर मी पुढेही वापरणार आहे कारण कलाचं सगळं गणित त्याच्यातच आहे. तोंड कुठेही फिरवा, कूलर हवा तेवढीच फेकतो. कोणत्या कोपऱ्याला किती मिळेल आणि कधी मिळेल, एवढंच बदलतं. पृथ्वीला सूर्याकडून वर्षभरात मिळणारी एकूण एनर्जी कल बदलल्याने जवळपास बदलतच नाही, वाटणी बदलते, आणि हवामानाचा सगळा तमाशा त्या वाटणीत आहे.

आत्ता पृथ्वीचा अक्ष २३.४४ अंश कललेला आहे. हा आकडा स्थिर नाही, साधारण ४१ हजार वर्षांच्या फेरीत तो २२.१ ते २४.५ च्या मध्ये वरखाली होतो. सध्या कमी होतोय, शंभर वर्षांत ०.०१३ अंश. ऐकायला काहीच नाही, पण याच वेगाने कर्कवृत्त (उत्तरेकडे सूर्य जिथपर्यंत डोक्यावर येतो ती शेवटची रेषा, म्हणजे कल जेवढा तेवढं तिचं अक्षांश) दरवर्षी सरासरी १४-१५ मीटर दक्षिणेला सरकतं. म्हणजे शंभर वर्षांत जवळपास दीड किलोमीटर, बर्डीहून निघून धंतोलीत. (सरासरी म्हटलं कारण चंद्राच्या ओढीने १८.६ वर्षांची एक छोटी डुलकी त्यात असते, त्यामुळे ते सरळ न जाता झोकांड्या खात जातं.) आता गंमत बघा, ज्या ८० सेंटीमीटरवरून एवढा मेसेज फिरला तेवढं अंतर कर्कवृत्त सरासरीने वीस दिवसांत कापतं, आणि त्याची कोणी बातमी करत नाही.

आता नागपूर. आपण २१.१५ अंशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या आत, म्हणून सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर वर्षातून दोनदा येतो, २६ मेच्या आसपास आणि १७ जुलैच्या आसपास. २६ मेला मी दरवर्षी गच्चीवर स्टीलचा ग्लास उभा ठेवतो, १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला सावली ग्लासाच्या बुडाखाली गायब. झिरो माइलच्या खांबाचंही तेव्हा तेच होतं. लोक म्हणतात बघा, सूर्य डोक्यावर म्हणून नवतपा! नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे ते नऊ दिवस, २५ मेपासून, सूर्य डोक्यावर २६ मेला, जुळतं तर खरं. पण मग १७ जुलैचं काय राजेहो? त्या दिवशीही सूर्य तितकाच डोक्यावर असतो, दिवसही तेवढाच मोठा, आणि आपण कूलर बंद करून भजी तळत असतो. मेपेक्षा दुपारचं तापमान दहा-बारा डिग्रीने कमी. सूर्य तोच, मधला फरक ढगांचा आणि ओल्या जमिनीचा. मे महिन्यात आकाश कोरडं, काळी माती भेगाळलेली, बाष्पीभवनात खर्च व्हायला पाणीच नाही, त्यामुळे आलेलं सगळं ऊन हवा तापवण्यात जातं. म्हणूनच नागपूरची उष्णता समजायची तर फक्त सूर्याचा अँगल बघून चालत नाही, आणि हीच चूक अर्धे लोक कलाबद्दल बोलताना करतात.

दुसरी चूक म्हणजे कल आणि अक्षाची दिशा यात गोंधळ. अक्ष किती झुकलाय तो कल. कुठल्या ताऱ्याकडे झुकलाय ती दिशा, आणि ती साधारण २५,८०० वर्षांत एक गोल चक्कर मारते, त्याला परांचन म्हणतात. हे आपल्याला पंचांगात रोज दिसतं पण लक्षात येत नाही. सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला, हा तीन आठवड्यांचा फरक परांचनाचा, कारण संक्रांत ताऱ्यांच्या राशींवरून मोजतो. विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि त्या दिवशी संक्रांत होती, आता बघा कुठे गेली. नवतपाही रोहिणी नक्षत्रावरून मोजतात, म्हणून तोही सत्तर-बहात्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकतोय. सूर्य डोक्यावर येण्याची तारीख मात्र तशी सरकत नाही. अजून १७०० वर्षांनी नवतपा जूनच्या मध्याच्या पुढे जाईल आणि लोकांना तो छत्री घेऊन पाळावा लागेल.

जाता जाता, आपल्या जुन्या खगोलगणिताच्या सिद्धांतग्रंथांत परमक्रांती, म्हणजे हाच कल, २४ अंश धरलाय. आर्यभटाच्या वेळी, इसवी सन ४९९ च्या सुमाराला, खरा आकडा २३.६ च्या थोडा वर होता. काही जण यावरून सांगतात की बघा, २४ अंश होता तो काळ पाच हजार वर्षांपूर्वीचा, म्हणजे निरीक्षण तेवढं जुनं. मला ते पटत नाही. २४ म्हणजे वर्तुळाचा पंधरावा भाग, हिशोबाला सोपा, म्हणून घेतला असणार. ग्रीकांचेही आकडे त्याच्याच आसपास होते.

बरं, कल बदलल्याने होतं काय. ध्रुवावर वर्षाच्या सरासरीने वातावरणाच्या वर किती ऊन पोहोचतं याचं गणित सोपं आहे, कल २२.१ असेल तर चौरस मीटरला साधारण १६३ वॅट आणि २४.५ असेल तर १८०. विषुववृत्तावर याच फरकाने फक्त तीन-चार वॅट बदलतात आणि तेही उलट दिशेने. म्हणजे कल वाढला की ध्रुवांची चांदी आणि मधल्या पट्ट्याला थोडी कात्री, आणि हा हिशोब साधारण ४३-४४ अक्षांशाला शून्य होतो. आपण कात्रीच्या बाजूला, पण ती इतकी बोथट की वर्षाच्या सरासरीत कळणारही नाही. ऋतूंमधला फरक मात्र सगळीकडे वाढतो, उन्हाळे जास्त उन्हाळे आणि हिवाळे जास्त हिवाळे.

मग एवढ्याशा फरकाने हिमयुग कसं येतं? इथे खरी गोष्ट सुरू होते. एकोणिसाव्या शतकात जेम्स क्रॉल नावाचा एक स्कॉटिश माणूस होता, शाळा अर्धवट सुटलेली, ग्लासगोमध्ये एका म्युझियमला झाडलोट-देखरेखीची नोकरी, आणि तिथल्या लायब्ररीत बसून याने हिमयुगाचा संबंध पृथ्वीच्या कक्षेशी लावला. अर्धं बरोबर होतं. त्याला वाटलं की कडक हिवाळा महत्त्वाचा, जास्त थंडी म्हणजे जास्त बर्फ. पुढे मिलुटिन मिलांकोविच या सर्बियन इंजिनिअरने (काँक्रीटचे पूल आणि धरणं बांधणारा माणूस, पहिल्या महायुद्धात बुडापेस्टमध्ये नजरकैदेत होता तेव्हाही गणितं करतच होता) वर्षानुवर्षं हाताने आकडेमोड केली, आणि व्लादिमिर कोपेन या हवामानशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याने हिवाळा सोडून उन्हाळा धरला. सगळी चावी तिथे होती.

काहून उन्हाळा? आपल्या गल्लीतला कचरा बघा. कचरा रोज पडतोच, कधी थोडा जास्त कधी थोडा कमी, त्याने ढीग होत नाही. ढीग होतो तो घंटागाडी आली नाही की. कॅनडात आणि स्कँडिनेव्हियात हिवाळ्यात बर्फ पडणारच, थंडी उणे वीस असो की उणे पंचवीस, उलट फार थंड हवेत बाष्प कमी म्हणून बर्फही कमीच पडतो. प्रश्न एवढाच की उन्हाळ्याची घंटागाडी येऊन तो सगळा उचलते की नाही. कल कमी असला की ६५ अंश उत्तरेला उन्हाळा थंड राहतो, थोडा बर्फ मागे उरतो, पुढच्या वर्षी त्याच्यावर अजून, बर्फ पांढरा म्हणून ऊन परत फेकतो, म्हणून अजून थंड, आणि हजारो वर्षांत त्याची किलोमीटर-किलोमीटर जाडीची चादर होते. सोबत समुद्र थंड होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, हिमयुगात तो १८० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत १८०) उतरलेला आणि मधल्या उबदार काळात २८० च्या आसपास, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांत मोजता येतं. म्हणजे कल फक्त ट्रिगर, बाकीचं काम बर्फ आणि कार्बन करतात.

मिलांकोविच १९५८ ला गेला तेव्हा त्याचं म्हणणं फारसं कोणी मानत नव्हतं. १९७६ साली हेज, इम्ब्री आणि शॅकलटन या तिघांनी दक्षिण हिंदी महासागराच्या तळाचा गाळ तपासला, त्यातल्या सूक्ष्म शिंपल्यांतल्या ऑक्सिजनवरून बर्फाचा चढउतार काढला, आणि त्यात कलाचा ४१ हजार वर्षांच्या आसपासचा ठोका, परांचनाचे २३ आणि १९ हजारांचे ठोके स्पष्ट दिसले (पृथ्वीची कक्षाही हळूहळू फिरते, म्हणून हवामानात परांचनाचा ठोका २५,८०० पेक्षा लवकर पडतो). विद्यार्थ्यांना हा ग्राफ मी पहिल्या दिवशी दाखवायचो आणि काहीच बोलायचो नाही. पण सगळं सुटलं असं समजू नका. साधारण दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगं कलाच्या तालावर, दर ४१ हजार वर्षांनी येत होती. मग ती सुमारे एक लाख वर्षांनी यायला लागली, कलाची चाल तीच असताना. असं का झालं यावर आमच्या लोकांची भांडणं अजून चालू आहेत आणि मी स्वतः दोनदा बाजू बदललीय.

आपल्या पावसावर कलापेक्षा परांचनाचा हात जास्त. सध्या पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, जुलैत सगळ्यात लांब. साधारण दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी हे उलट होतं, उत्तरेचा उन्हाळा आणि सूर्याची जवळीक एकत्र, आणि त्यात कलही २४.२ च्या आसपास, म्हणजे दोन्ही पत्ते एकदम. आशियाची जमीन जास्त तापली, समुद्रावरून जास्त बाष्प ओढलं गेलं, मान्सून जोरात. सहारात तळी आणि गवत होतं ते याच काळात. लांब कशाला जायचं, आपल्या विदर्भातल्या लोणारच्या सरोवराच्या तळाचा गाळ काढून अभ्यास झालाय, त्यात गेल्या ११ हजार वर्षांचा पावसाचा हिशोब थर लावून ठेवलाय, सुरुवातीला ओला काळ आणि मग साडेचार हजार वर्षांपूर्वीपासून कोरडेपणाकडे. लोणारला सगळे उल्केचा खड्डा बघायला जातात, मला त्या चिखलाचं कौतुक जास्त.

कोणीतरी हमखास विचारतो की चंद्रपूरजवळ इरई नदीत हिमनदीने घासलेले खडक आहेत, मग तेव्हा पृथ्वी पार आडवी झाली होती का. नाही हो. खडक खरे आहेत, पण ते सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे, तेव्हा भारतच दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता, बाकी गोंडवन खंडांना चिकटून. कूलर जागेवरच होता, पलंग सरकला.

समजा कल शून्य केला तर? रोज २१ मार्च. नागपुरात दुपारचा सूर्य बारा महिने ६९ अंशांवर, दिवस-रात्र सारखे. ऐकायला बरं वाटतं पण पाऊस पाडणारा पट्टा विषुववृत्तापाशीच बसून राहील, जून महिना आला काय आणि गेला काय, तो वर येणारच नाही, त्यामुळे आपला हजार-अकराशे मिलीमीटरचा पाऊस गेलाच समजा. आणि संत्र्याचं काय होईल हे कोणी बागायतदाराला विचारा. आंबिया बहाराला हिवाळ्याच्या थंडीचा ताण लागतो, मृग बहाराला मे महिन्याच्या कोरडेपणाचा ताण आणि मग मृगाचा पाऊस. झाडाला ताण बसल्याशिवाय ते फुलतच नाही. ऋतू नसले तर ते झाड नुसतं हिरवं उभं राहील. ध्रुवांवर सूर्य कायम क्षितिजाला टेकलेला, तिथला बर्फ वाढतच जाईल.

उलट कल ५४ च्या वर नेला तर वर्षाच्या हिशोबात ध्रुवांना विषुववृत्तापेक्षा जास्त ऊन मिळायला लागतं. हे कागदावरचं नाही, युरेनस तसाच आहे, ९७.८ अंश, लोळत लोळत चाललेला. त्याचं वर्ष आपल्या ८४ वर्षांचं, त्यामुळे एकेका ध्रुवावर ४२ वर्षं उजेड आणि ४२ वर्षं काळोख. १९८६ मध्ये व्हॉयेजर २ तिथे गेलं तेव्हा एक ध्रुव जवळजवळ थेट सूर्याकडे होता, तरी ध्रुव आणि विषुववृत्ताचं तापमान जवळपास सारखंच निघालं. इतक्या जाड आणि थंड वातावरणाला तापायला-निवायला एवढा वेळ लागतो की ऋतू त्याच्यापर्यंत पोहोचेपर्यंत बदलून जातो. म्हणजे नुसत्या कलावरून हवामान सांगता येत नाही, वातावरण केवढं जाड आहे तेही विचारावं लागतं.

मंगळ मला सगळ्यात शिकवून गेला. आज त्याचा कल २५.२, जवळपास आपल्यासारखा, पण हा योगायोग. आपल्याला मोठा चंद्र आहे, तो कलाला आवर घालतो. मंगळाचे दोन चंद्र म्हणजे नुसते दगड, त्यामुळे त्याचा कल साधारण १ लाख २० हजार वर्षांच्या फेरीत मोठे झोके खातो, आणि १९९३ साली लास्कर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की लांब काळात तो शून्यापासून ६० अंशांपर्यंत कुठेही भटकू शकतो. कल वाढला की ध्रुवावरचा बर्फ वाफ होऊन मधल्या पट्ट्यात येऊन बसतो, कमी झाला की परत ध्रुवावर. त्याच्या ध्रुवांवर धूळ आणि बर्फाचे जे थर दिसतात ते याच येण्याजाण्याची वही. २००८ मध्ये फिनिक्स यानाने तिथे नुसती माती खरवडली तर खाली बर्फ.

आणि कल जवळपास नसण्याचा फायदा आपल्या चांद्रयानवाल्यांना विचारा. चंद्राचा कल फक्त दीड अंश, म्हणून त्याच्या ध्रुवांजवळच्या काही खड्ड्यांत अब्जावधी वर्षं ऊनच शिरलं नाही, आणि तिथे बर्फ टिकला. दक्षिण ध्रुवाकडे जाण्याची एवढी धडपड त्यासाठीच.

परत आपल्या मे महिन्याकडे येतो. कल कमी होतोय, म्हणजे त्याचा कौल उत्तर गोलार्धाचे उन्हाळे सौम्य करण्याकडे आहे, तापवण्याकडे नाहीच. दीडशे वर्षांत त्याचा हिस्सा इतका बारीक की मोजायला गेलात तर हरवेल. त्याच दीडशे वर्षांत कार्बन डायऑक्साइड २८० वरून ४२० च्या पुढे गेलाय, आणि वरून आपण शहरात झाडं तोडून सिमेंटचे रस्ते केलेत, जे रात्री अकरा वाजताही तव्यासारखे तापलेले असतात. अक्षावर खापर फोडणं सोपं, त्याला उत्तर देता येत नाही.

आता एक उरलं, पोरं नेहमी विचारतात म्हणून. कर्कवृत्त दक्षिणेला सरकतंय तर ते नागपूरला कधी पोहोचेल? आत्ता ते जबलपूरच्या पुढे सिहोऱ्याजवळून जातं. पुढच्या साधारण दहा हजार वर्षांत कल २२.६ पर्यंत उतरेल, म्हणजे कर्कवृत्त जबलपूर ओलांडून लखनादौनच्या आसपास येईल आणि तिथून परत फिरेल. आपल्यापासून अजून १६० किलोमीटर लांब.